तापणाऱ्या कॉम्प्युटरमधलं घर

माझा धाकटा भाऊ लिफ्ट दुरुस्त करतो. चांगली आठ-दहा माणसं जिच्यात उभी राहून वरखाली करतात ती पेटी त्याच्या भरवशावर लोंबकळत असते, आणि त्याच्या कामाला आजवर कुणी नावं ठेवलेली नाहीत. पण घरातला एक कॉम्प्युटर मात्र त्याला थंड ठेवता येईना. मी सुरुवातीला यावरून त्याची भरपूर चेष्टा केली. चेष्टा करणं हा माझा स्वभावच आहे. मी घरी बसून लोकांच्या पॅन्टची उंची कमी करते, आणि दिवसभर मशीनवर वाकून बसणाऱ्या बाईला तोंड तरी मोकळं हवं.

कॉम्प्युटर घेतला होता ठकीसाठी. ठकी म्हणजे भावाची मुलगी. जन्मली तेव्हा नुसती गोल डोळ्यांची बाहुली होती, म्हणून मीच तिला ठकी म्हणायला लागले आणि तेच चिकटलं. नवरा-बायको वेगळे झाले तेव्हा ठकी आईबरोबर दुसऱ्या शहरात गेली. भावजयीला तिकडे बरी नोकरी मिळाली होती. (मी तिला अजून भावजयच म्हणते, तोंडाला वळण पडलंय.) दोघांनी आपसात ठरवलं की दर रविवारी दुपारी एक तास ठकीचा आणि तिच्या बाबाचा. त्या तासात तिसऱ्या कुणी लुडबुड करायची नाही. कागदावर काही नव्हतं, शब्दावर होतं.

पहिले काही रविवार अगदी बघवत नव्हते. हा फोन कानाला लावून विचारायचा, "जेवलीस?" ती म्हणायची, "हो." "अभ्यास?" "हो." मग दोघंही गप्प. लिफ्टमध्ये अनोळखी माणसं उभी असतात ना, आपापल्या चपलांकडे बघत, तसे. शेवटी पोरीनंच तोडगा काढला. म्हणाली, "बाबा, एक खेळ आहे. त्यात ठोकळे रचून घर बांधता येतं. आपण दोघं बांधू या?"

झालं. माझ्या भावाच्या अंगात वारं शिरलं. कामावरच्या एकाचा जुना कॉम्प्युटर तो घेऊन आला, खिडकीखालच्या टेबलावर मांडला आणि घर बांधायला लागला. त्या खेळाची रीत अशी की घर आमच्या कॉम्प्युटरमध्ये असायचं आणि ठकी तिच्याकडच्या कॉम्प्युटरवरून त्यात यायची. आमचा चालू आहे तोवर घर उभं. आमचा बंद पडला की तिच्यासमोरून घर गेलं, अंगण गेलं, बाबाचा आवाजसुद्धा गेला. जेवढं आधी जतन झालं असेल तेवढंच काय ते उरायचं.

आणि काय घर होतं ते! पुढे अंगण, मागे कोंबड्यांचं खुराडं. माझे गुडघे दुखतात म्हणून माझी खोली तळमजल्यावर, अगदी दाराशी. वरच्या मजल्यावर तिची खोली, बाबाची खोली, आणि मधली खोली आईची. ती मधली खोली तिनं कुणालाही न विचारता बांधली. माझ्या भावानं तिला खिडकी लावून दिली. मी हातातल्या पॅन्टवरून डोकं वर काढलं नाही.

दोघांचा एक नियम होता. दुसरा बरोबर नसताना एकट्यानं घरात पाऊल टाकायचं नाही. नाहीतर गंमत काय, असं ठकीचं म्हणणं. माझा भाऊ हा नियम असा पाळायचा की कामावरचे नियम त्याच्यापुढे फिके पडावेत. आठवडाभर कॉम्प्युटरकडे आशाळभूतपणे बघायचा, पण घर उघडायचा नाही.

ऊन तापायला लागलं तसा कॉम्प्युटरही तापायला लागला. आम्ही सगळ्यात वरच्या मजल्यावर राहतो, डोक्यावर थेट गच्ची. दुपारी भिंतीला हात लावला तर चटका बसतो. आधी कॉम्प्युटरच्या पेटीतला पंखा घरघरायला लागला. मग एका रविवारी, ठकी माझ्या खोलीपाशी झाड लावत असताना, पडदा फटकन काळा झाला. फार तापला की तो जळू नये म्हणून स्वतःच बंद होतो, असं भावानं सांगितलं. मी म्हटलं, "माणसांनाही अशी सोय हवी होती."

तेव्हा हसू आलं. पण पुढच्या रविवारी तेच, आणि त्याच्या पुढचे दोन रविवारही तेच. दर वेळी तो घाईघाईनं भावजयीला फोन लावायचा आणि मागे पोरीचं रडणं ऐकू यायचं. तिनं वरच्या मजल्याला जिना केला होता, वळणाचा, कठड्यासकट. तो जिना दोनदा गेला. तिसऱ्यांदा बांधायला घेतला आणि तिसऱ्यांदाही गेला.

मग भावजयीचा फोन आला, भावानं तो स्पीकरवर टाकला. ती चिडली असती तर मला बरं वाटलं असतं, चार शब्द सुनावता आले असते. पण ती चिडली नव्हती. थकल्या आवाजात म्हणाली, "तुमचा कॉम्प्युटर बंद पडतो हे मला समजतं. तिला नाही समजत. ती सांगते, 'बाबानं मला घराबाहेर काढलं.' रविवारची संध्याकाळ रडण्यात जाते आणि सोमवारी शाळेत जायला तयार होत नाही. तुम्ही काहीतरी करा. या रविवारीही तसंच झालं तर आपण हे काही दिवस थांबवू."

फोन ठेवल्यावर माझ्या भावाच्या तोंडचं पाणी पळालं होतं. त्याच्याकडे त्या एका तासाशिवाय काही नव्हतं. आठवड्याचे बाकीचे दिवस तो त्या तासापर्यंत पोचण्यासाठी ढकलायचा.

तो हातावर हात धरून बसणाऱ्यातला नाही. त्यानं पेटी उघडली. आत धुळीचा असा थर होता की भरून उशी करावी. ती सगळी साफ केली. झाकण काढून ठेवलं आणि शेजारी टेबलफॅन लावला. खेळातलं लांबचं दिसणं कमी केलं, म्हणजे कॉम्प्युटरला कमी मेहनत. आत आधीपासून जो छोटा पंखा होता, त्याच्याखालची वाळून खडू झालेली पेस्ट खरवडून नवी लावली. ही पेस्ट म्हणजे दात घासायच्या पेस्टसारखीच दिसते. मेंदूची उष्णता वरच्या धातूत नीट जावी म्हणून मध्ये पातळ थर द्यायचा असतो. मेंदू म्हणजे कॉम्प्युटरचा. आमचे तापलेलेच होते.

एवढं करून तापमानाचा आकडा थोडा खाली आला, पण बंद पडण्याचा धोका टळेना. शेवटी म्हणाला, "ताई, कूलर घ्यावा लागेल."

"कॉम्प्युटरला कूलर? आणि मला काय, वर्तमानपत्राचा पंखा?"

"अगं, तो कूलर नाही. छोटा असतो. आत बसतो."

आता हातात पैसे किती, तर बेताचे. कामाचे दिवस कंपनीनं कमी केले होते आणि ठकीसाठी जे पाठवायचं त्यातला एक पैसाही तो कमी करत नसे. मी शिवणाचे पैसे पुढे केले तर म्हणाला, "तुझ्या चष्म्याचे आहेत ते." डोळ्यांपेक्षा ठकी महत्त्वाची आहे, असं मी ओरडले. त्यानं ऐकलं नाही. मग मी त्याच्याबरोबर दुकानात गेले. पैसे घेत नाही म्हणतोस, निदान घासाघीस तरी करू दे.

दुकान एका जिन्याखाली होतं, भिंतभर डबे आणि मध्ये एक माणूस. त्यानं आधी पाण्यावर चालणारा कूलर दाखवला. नळ्या, रंगीत दिवे, लग्नाच्या मांडवासारखा थाट. किंमत ऐकून मी डबा अलगद खाली ठेवला.

"वापरलेला आहे एक असाच," दुकानदार म्हणाला. "निम्म्यात देईन. पण खरं सांगू? आतला पंप किती दिवस चालेल, मी छातीठोकपणे सांगणार नाही."

"मग आम्हाला दाखवता कशाला?" मी म्हटलं.

"लोक दिवे बघून घेतात, ताई."

माझ्या भावानं विचारलं, "दिवे नकोत. एक तास भर उन्हात चालला पाहिजे. मध्ये बंद पडता कामा नये. त्यासाठी कमीत कमी काय लागेल?"

दुकानदारानं एक साधा डबा काढला. आत पत्र्याच्या पातळ पट्ट्यांचा एक ठोकळा, त्यातून गेलेल्या तांब्याच्या नळ्या, बाजूला एकच पंखा. "हा घ्या. दिसायला काही नाही, पण काम चोख करतो. याच्या वरचं तुम्हाला लागणारच नाही. फक्त उंच आहे, पेटीत मावेल ना?"

भावानं खिशातून कागद काढला. त्यानं पेटीची आतली रुंदी टेपनं मोजून आणली होती. मावत होता. मी घासाघीस केली, दुकानदारानं पेस्टची छोटी ट्यूब वर टाकली. बसवून देण्याचे वेगळे पडतील म्हणाला तेव्हा भाऊ हसला. "मी लिफ्ट बसवतो हो," तो म्हणाला. बऱ्याच दिवसांनी मी त्याला असं ऐटीत बोलताना पाहिलं. परत येताना रस्ताभर तो डबा छातीशी धरून चालत होता.

इथे आमच्या घराण्याबद्दल एक सांगायला हवं. आमचे वडील, म्हणजे अप्पा, नव्या वस्तूचं प्लास्टिक कधी काढू द्यायचे नाहीत. टीव्हीचा रिमोट शेवटपर्यंत पिशवीत. फ्रिजच्या दारावरची पातळ फिल्म वर्षानुवर्षं तशीच, कोपरे सुटले तर अप्पा सेलोटेप लावायचे. घड्याळाच्या काचेवर प्लास्टिक, गाडीच्या सीटवर प्लास्टिक. वस्तू नवी राहते, असं ते म्हणायचे. अप्पा गेले, सवय राहिली. माझ्या शिलाई मशीनच्या पाटीवरही प्लास्टिक अजून आहे आणि ठकीच्या बाबाच्या मोबाईलवरही.

शनिवारी संध्याकाळी त्यानं कूलर बसवायला घेतला. मी टॉर्च धरला. ठोकळ्याचा तळ आरशासारखा चकचकीत होता आणि त्यावर पारदर्शक फिल्म होती. एका कोपऱ्याला सुरकुती पडली होती. माझ्या भावानं ती अंगठ्यानं हलकेच दाबून सपाट केली, आणि त्यावर अगदी मापात, कडेला न जाऊ देता, पेस्ट लावली. मला त्यात वावगं काही दिसलं नाही. उलट किती नीटनेटका हात आहे असंच वाटलं. मग त्यानं स्क्रू घट्ट केले, एकदा हा, एकदा समोरचा, लिफ्टच्या कामात करतात तसे.

कॉम्प्युटर सुरू केला. पंखा इतका गुपचूप फिरत होता की कान लावून ऐकावं लागलं. "खेळ चालवून बघ," मी म्हटलं.

"एकट्यानं घरात जायचं नाही ना," तो म्हणाला. "उद्या ती आली की."

"अरे, नुसतं बघायला!"

"नको, ताई. तिला शब्द दिलाय."

खेळ न लावता कॉम्प्युटर बंद पडला नाही. आम्ही त्यालाच यश समजलो.

रविवारी तो सकाळपासून दाढी-अंघोळ करून बसला. जणू त्याला बघायला येणार होते. वेळ झाली आणि ठकीचा आवाज आला. "बाबा, आज बंद नाही ना होणार?"

"नाही गं. नवा कूलर बसवलाय. आज जिना पुरा करू."

"नक्की?"

"नक्की."

घर उघडलं. निळ्या कपड्यातली तिची बाहुली अंगणात आली, पाठोपाठ याची आली. मी मशीन थांबवून मागे उभी राहिले. तिनं जिन्याची पहिली पायरी ठेवली, यानं दुसरी. "बाबा, तू कठडा घे, मी—"

आणि पडदा काळा.

इतक्या लवकर तो याआधी कधीच बंद पडला नव्हता.  भाऊ बटण दाबतोय, परत दाबतोय, कॉम्प्युटर सुरू होतोय आणि घर उघडायच्या आत पुन्हा मरतोय. मग त्यानं फोन लावला. कुणी उचलला नाही. पुन्हा लावला. तिसऱ्यांदा भावजयीनं उचलला.

"रडतेय का?" यानं विचारलं.

"नाही," ती म्हणाली. "तेच सांगते. आज रडली नाही. कॉम्प्युटर बंद केला, खुर्ची आत सरकवली आणि चित्रं काढायला बसली. मी विचारलं तर म्हणाली, 'मला माहीत होतं.'" मग म्हणाली, "आता काही दिवस नको. खरंच नको."

यानं "बरं" म्हटलं. भांडला असता तर मी त्याच्या बाजूनं उभी राहिले असते. पण तो नुसता "बरं" म्हणाला.

दुसऱ्या दिवशी त्यानं पेटी उचलून दुकानात नेली, आणि या वेळी दुकानदाराला जाब विचारायलाच मी बरोबर गेले. रस्ताभर मनात शब्द जुळवत होते. दुकानदारानं स्क्रू काढले, ठोकळा उलटा केला आणि नखानं ती फिल्म सोलली. पेस्टसकट ती त्याच्या बोटाला चिकटून आली.

"ही काढायची असते," तो म्हणाला. "धातू धातूला लागायला हवा. मध्ये प्लास्टिक असलं तर उष्णता जाणार कुठे? याच्यापेक्षा तुमचा जुना पंखा बरा होता."

फिल्मवर बारीक अक्षरांत लिहिलेलंही होतं, बसवण्याआधी काढा म्हणून. माझे जुळवलेले शब्द घशातच राहिले. भाऊ त्या फिल्मकडे बघत उभा होता. मी त्याला रागावू शकत नव्हते, स्वतःला रागावू शकत नव्हते, आणि अप्पा तर रागवायला उरलेच नव्हते. दुकानदारानं पुन्हा पेस्ट लावून कूलर बसवून दिला आणि त्याचे पैसे घेतले नाहीत. ते मला पैसे घेतल्यापेक्षा जास्त लागलं.

त्यानंतर कॉम्प्युटर चालायला लागला तो असा, की भर दुपारी, गच्ची पेटलेली असताना, दुकानदारानं दिलेली चाचणी लावून ठेवली तरी ढिम्म. भावानं भावजयीला सगळं कळवलं, फिल्मसुद्धा सांगितली. ती म्हणाली, "तिला सध्या काही विचारत नाही. तिनंच विषय काढला तर बघू." मग बरेच रविवार नुसते आले आणि गेले. तो वेळेवर दाढी करून टेबलाशी बसायचा, कॉम्प्युटर सुरू करायचा, आणि तास संपला की उठायचा.  माझं तोंडही त्या दिवसांत मिटलं होतं.

आणि एका रविवारी भावजयीचा फोन आला. "ती म्हणतेय, जरा जाऊन येते."

माझ्या भावानं खुर्ची पुढे ओढली. घर उघडलं. निळी बाहुली फाटकापाशी आली. खुराड्यापाशी गेली, कोंबड्या मोजल्या. माझ्या खोलीत डोकावली. "आत्या, तुझं झाड नाहीये."

"नसू दे गं," मी मागून म्हटलं. "तू आलीस ना!"

मग दोघांनी जिना घेतला. एक पायरी तिची, एक याची. ती हसली सुद्धा, कोंबडी जिन्यावर चढली तेव्हा. मला वाटलं, सुटलो. चार-सहा पायऱ्या झाल्या असतील आणि ती म्हणाली, "बाबा, मी आता जाते."

"अगं, आत्ता तर आलीस. अजून कितीतरी वेळ आहे."

"हो. पण मीच आधी जाते ना."

"का, बाळा?"

"मीच गेले की मग बंद पडलं तरी मला काही होत नाही."

"आता नाही बंद पडणार, ठके. खरंच दुरुस्त केलाय. आत्याला विचार."

"अगं, बर्फ झालाय नुसता!" मी ओरडले. माझा आवाज मलाच कसातरी वाटला.

"हो, आत्या," ती म्हणाली. आजारी माणसाला बरं वाटावं म्हणून आपण त्याच्या होला हो करतो, त्या सुरात. मग तिची बाहुली अंगणातून फाटकापर्यंत गेली, वळली, जागच्या जागी दोन उड्या मारल्या, आणि दिसेनाशी झाली.

आता ती दर रविवारी येते. गोड बोलते, शाळेतलं सांगते, जिना कधीच पुरा झालाय. फक्त तास कधी पुरा करत नाही. तिचं तिला वाटतं तेव्हा, पण तास संपायच्या आधी, ती स्वतः उठून जाते. भावजय म्हणते, आता रडत नाही, सोमवारी हसत शाळेत जाते. आम्हाला हवं होतं तेच झालं, असं म्हणायला हरकत नाही.

पण ती अशी मधेच उठून गेली त्या पहिल्या दिवशी माझा भाऊ कॉम्प्युटरसमोर तसाच बसून राहिला. म्हणाला, "ताई, आठ वर्षांची आहे गं ती."  मग तो टेबलावर डोकं टेकवून हुंदके देऊन रडायला लागला, आणि मला त्याला गप्प करता आलं नाही.